म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांध्यांच्या गोळ्या घेताना माझी झालेली फसवणूक

आमचा लॅब्राडोर शेरू ११ वर्षांचा झाला, त्या सुमारास त्याच्या चालण्यातला फरक मला आधी ऐकू आला. झोपेतून उठून तो पाण्याच्या भांड्याकडे निघाला की मागच्या पायांची नखे फरशीवर खरखर घासत. पायरीपाशी तो क्षणभर थांबे, वर पाही आणि मग एकेक पाय उचलून ठेवी. दहा-पंधरा पावले चालल्यावर मात्र पाय मोकळे होत, त्यामुळे 'वय झाले, आता असे व्हायचेच' असे म्हणून मी ते मनावर घेतले नाही. उठल्याउठल्या अंग आखडणे आणि थोड्या चालण्याने ते सुटणे हे झिजेमुळे होणाऱ्या संधिवाताचे नेहमीचे लक्षण आहे, हे मला पाच महिने उशिरा कळले. तोवर मी पशुवैद्यांकडे जाण्याऐवजी घरबसल्या गोळ्या शोधत होतो.

एका जाहिरातीखाली कुत्र्याचे वय, वजन आणि माझा फोन क्रमांक भरला आणि दुसऱ्याच दिवशी एका गृहस्थांचा फोन आला. त्यांनी स्वतःची ओळख 'सांधेविषयक सल्लागार' अशी करून दिली. अत्यंत आपुलकीने त्यांनी शेरूचे नाव विचारले आणि पुढचे सगळे बोलणे ते नाव घेऊनच केले. त्यांचे म्हणणे असे, की पशुवैद्य फक्त वेदनाशामक औषधे देतील, त्या औषधांनी मूत्रपिंड आणि यकृत खराब होते. आमच्या गोळ्यांनी मात्र सांध्यातली झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, पुन्हा भरून येते, फक्त त्यासाठी किमान ९० दिवस धीर धरावा लागतो. रोज एक गोळी द्या आणि तीन महिन्यांचा साठा एकदमच घेऊन ठेवा, असे त्यांनी सुचवले. आपण पशुवैद्य आहात का, असे मी विचारले होते. 'मी डॉक्टरांच्या पथकाबरोबर काम करतो,' हे त्यांचे उत्तर मी होकार म्हणून घेतले. ते उत्तर होकार नव्हते, आणि मी पुन्हा विचारायला हवे होते.

दुसऱ्या आठवड्यात शेरू बरा दिसू लागला, असे आम्हा सगळ्यांना मनापासून वाटले. ते खोटे बोलणे नव्हते. आशा लावून पाहणाऱ्याला तसे दिसतेच. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवात असलेल्या आणि औषधाऐवजी निव्वळ बिनऔषधी गोळी मिळालेल्या कुत्र्यांचे चालणे तपासले गेले होते. पायावर किती भार पडतो हे मोजणाऱ्या उपकरणावर काहीही सुधारणा नसताना अनेक मालकांनी, इतकेच नव्हे तर तपासणाऱ्या काही पशुवैद्यांनीही, कुत्रा सुधारल्याचे सांगितले होते. शिवाय या दुखण्यात चांगले आणि वाईट दिवस आलटून पालटून येतात, त्यामुळे चांगला आठवडा आला की त्याचे श्रेय हातातल्या डब्याला जाते. उत्पादनाखाली लिहिलेले कौतुकाचे अभिप्राय वाचताना ही गोष्ट मी सतत ध्यानात ठेवायला हवी होती.

तिसऱ्या महिन्यात शेरू पुढच्या पायाचा मनगटाजवळचा सांधा सारखा चाटू लागला. तिथले फिकट केस लाळेने तांबूस झाले. मी फोन केला तेव्हा सल्लागारांनी मात्रा वाढवायला सांगितली आणि खरा परिणाम चौथ्या महिन्यात दिसतो, असे समजावले. मी आणखी दोन डबे मागवले. अखेर पाचव्या महिन्यात मी पैसे परत मागितले, तेव्हा प्रथमच मला विक्रीच्या अटी दाखवण्यात आल्या. डब्यावर ठळक अक्षरांत छापलेली 'समाधान न झाल्यास पैसे परत' ही हमी माल हातात पडल्यापासून ३० दिवसांपुरतीच होती. ९० दिवस धीर धरा असे ज्यांनी तोंडाने सांगितले, त्यांच्याच लेखी अटींप्रमाणे तो धीर संपण्याच्या दोन महिने आधीच माझा हक्क संपला होता. या मुद्द्याकडे वाचकांनी कृपया नीट लक्ष द्यावे, कारण सगळी फसवणूक याच एका जोडणीवर उभी होती, आणि दोन्ही आकडे आधी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले असते तर ती मला पहिल्याच दिवशी दिसली असती.

लेबलाची गोष्ट मला पशुवैद्यांच्या टेबलावर समजली. डॉक्टरांनी डबा उलटा केला आणि मागचा बारीक मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. पुढच्या बाजूला 'सांधे मिश्रण १५०० मिलिग्रॅम' असे लिहिले होते, मागे मात्र तो आकडा 'प्रति मात्रा' असल्याचे आणि एक मात्रा म्हणजे तीन गोळ्या असल्याचे नमूद होते. रोज एका गोळीने शेरूच्या पोटात ५०० मिलिग्रॅम मिश्रण जात होते. त्या मिश्रणात ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन हे कूर्चेत आढळणारे दोन पदार्थ, हळद आणि आणखी चार नावे होती. पण कोणता घटक किती, हे कुठेच लिहिलेले नव्हते. अनेक ठिकाणी घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापण्याची पद्धत आहे, आणि या डब्यावरच्या यादीत पहिले नाव चवीसाठी घातलेल्या यीस्टचे होते. अनेक देशांत अशा पूरकांना, म्हणजे आहाराला जोड म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांना, औषधाप्रमाणे विक्रीपूर्वी परिणाम सिद्ध करावा लागत नाही, म्हणून 'पशुवैद्यांनी शिफारस केलेले' हे शब्द डब्यावर असले तरी त्यामागे कोणते पशुवैद्य आणि कोणती चाचणी आहे, हे आपणच विचारावे लागते.

त्यानंतर डॉक्टरांनी कापड मोजायच्या टेपने शेरूच्या दोन्ही मांड्या मोजल्या. उजवी मांडी डावीपेक्षा अडीच सेंटिमीटरने बारीक भरली. दुखरा पाय टाकायचा टाळून टाळून तिथला स्नायू झिजला होता, आणि ही झीज मुख्यतः गेल्या काही महिन्यांतली असावी, असे त्यांनी सांगितले. पैसे गेल्याचे दुःख मला आहेच, पण मी डबे मोजत बसलो असताना तो रोज दुखणे सोसत होता, याचे दुःख त्याहून फार मोठे आहे. कुत्रा दुखण्याने ओरडत नाही. तो चालणे कमी करतो, आणि आपण त्याला शांत झाला म्हणतो.

वेदनाशामकांविषयीची भीती मी डॉक्टरांना बोलून दाखवली. त्यांनी ती उडवून लावली नाही. या औषधांचा जठर, मूत्रपिंड आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच आधी रक्त तपासायचे, कुत्र्यांसाठीचेच औषध वजनानुसार द्यायचे आणि ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करायची, असे त्यांनी समजावले. माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळी मात्र कुत्र्याला कधीही देऊ नये. तिने जठरात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकते. सल्लागारांनी सांगितले ते अर्धे खरे होते, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच उरलेले खोटे माझ्या गळी उतरले.

मग पूरके द्यायचीच नाहीत का, हा प्रश्न मीही विचारला. काही जुन्या चाचण्यांत ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनचा थोडा फायदा दिसला होता. पण कुत्र्या-मांजरांवरील अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ सालच्या आढाव्यात या जोडीचा वेदनेवर परिणाम दिसला नाही, तर ओमेगा-३ मेदाम्लांचा स्पष्ट फायदा आढळला. मात्र माशाच्या तेलाची कॅप्सूल घेतानाही तीच खबरदारी हवी. '१००० मिलिग्रॅम' हे तेलाचे वजन असते. त्यातली उपयोगाची ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले मिळून साध्या कॅप्सूलमध्ये बहुधा ३०० मिलिग्रॅमच भरतात. मात्रा या दोहोंच्या बेरजेवरून पशुवैद्यांनीच ठरवावी. चघळण्याच्या गोड गोळ्या असतील तर त्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ नाही ना, हेही पाहावे, कारण तो कुत्र्यांसाठी विषारी आहे.

सर्वांत मोठा उपाय कोणत्याच डब्यात नव्हता. शेरूचे वजन ३४ किलो होते, ते २९ च्या आसपास असायला हवे होते. ४८ लॅब्राडोर कुत्र्यांना जन्मभर पाहिलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात २५ टक्के कमी आहार मिळालेली कुत्री साधारण पावणेदोन वर्षे जास्त जगली आणि त्यांना संधिवातही उशिरा झाला. मी मात्र त्या पाच महिन्यांत शेरू बरा व्हावा म्हणून त्याला जास्तच खाऊ घालत होतो.

आता तो तपासून दिलेल्या औषधावर आहे, त्याचे खाणे मोजून दिले जाते आणि घसरू नये म्हणून त्याच्या वाटेवर सतरंज्या अंथरल्या आहेत. वजन ३१ किलोवर आले आहे. उरलेले दोन डबे, फोनवरील बोलण्याच्या तारखा आणि विक्रीच्या अटींची छायाचित्रे मी लेखी तक्रारीसोबत जोडली आहेत; विक्रेत्याकडून अजून उत्तर आलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी शेरूची उजवी मांडी टेपने मोजतो. आतापर्यंत ती एक सेंटिमीटर भरून आली आहे.