जुने गुलाब, दीड वर्षानंतर: नाव नंतर विचारा, मुळं कोणाची ते आधी विचारा

लुई फिलिपला मागच्या आठवड्यात पांढरी फुलं आली. ज्यांनी जुने गुलाब, म्हणजे शंभर-दोनशे वर्षांपूर्वीच्या जाती, लावलेत, त्यांना एवढं सांगितलं तरी पुरे. बाकीच्यांसाठी सांगते: लुई फिलिप हा 1834 सालचा, चिनी वर्गातला, गर्द किरमिजी गुलाब. माझ्या इंदूरमधल्या सुदामानगरच्या अंगणात मात्र त्याच नावाच्या पट्टीमागे जेमतेम इंचभराची, पाच पाकळ्यांची पांढरी फुलं घोसांनी लगडली आहेत. रोपाचे सहाशे रुपये आणि वर कुरिअरचे वेगळे मोजले होते, ते यासाठी नव्हे.

नर्सरीला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘मॅडम, तुमच्याकडच्या हवेत रंग बदलतो.’ हवेनं रंगाची छटा फिकी-गडद होते, हे मला मान्य आहे. पण हवेनं पाकळ्या गळून पाचवर येत नाहीत. मी बुंध्याजवळची माती उकरून पाहिली. रोप कलमी, म्हणजे दुसऱ्याच गुलाबाच्या मुळांवर (खुंटावर) या जातीचा डोळा, म्हणजे कोंब, भरून केलेलं. डोळा भरलेल्या जागेची गाठ तिथे होती, पण तिच्यावरची फांदी काळी पडून कोरडीठाक झालेली. मागच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर होता तेव्हाच ती गेली असणार. जो हिरवागार, लांबसडक फुटवा मी पावसाळाभर कौतुकानं वाढवला, तो गाठीच्या खालून निघालेला. पानाचा देठ फांदीला मिळतो तिथली पट्टी बारकाईनं पाहिली, तर तिला झालरीसारखी कातरलेली किनार होती. ही मल्टिफ्लोराची, म्हणजे खुंटासाठी वापरतात त्या रानगुलाबाची, खूण. म्हणजे लुई फिलिप केव्हाच मेला, आणि मी वर्षभर खुंटाला शेणखत घालत होते.

हे सगळं पुन्हा फोनवर सांगितलं. ‘कलम जगवणं ग्राहकाच्या हातात असतं,’ असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. मला पैसे परत नकोत. रोप खुंटावरचं आहे, खालून आलेला फुटवा काढत राहा, एवढी एक ओळ पट्टीवर लिहायला काय जातं? आणि तो फुटवा कात्रीनं कापायचा नसतो. माती बाजूला करून मुळापासून ओरबाडून काढायचा असतो, नाहीतर एकाच्या जागी तीन येतात. हे विकणाऱ्यानं सांगायला हवं, विकत घेणाऱ्यानं फुलं आल्यावर शोधून काढायचं नव्हे.

आता दुसऱ्या रोपाबद्दल, कारण त्याच्याविषयी माझं मत पार बदललं आहे. सुव्हेनिर द ला मालमेझाँ. 1843 साली फ्रान्समधल्या लिऑनच्या बेलूझनं काढलेला हा बूर्बाँ गुलाब, नाव नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी जोसेफीन हिच्या मालमेझाँ वाड्यावरून. बूर्बाँ हा वर्गच हिंदी महासागरातल्या रीयूनियन बेटावरून आलेला, चिनी आणि दमास्क गुलाबांच्या तिथल्या संकरातून. म्हणजे उन्हाचं त्याला वावडं नाही. पण पाऊस! जुलै-ऑगस्टमध्ये भरगच्च कळ्या आल्या आणि एकही उमलली नाही. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात, तपकिरी कागदासारख्या होतात आणि आतलं फूल आतच कुजतं. बोटानं हलकेच सोडवून पाहिलं, तर आत ओला लगदा. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं.

मग डिसेंबर आला. माळव्यातल्या थंडीच्या रात्री आणि दिवसाचं कोवळं, कोरडं ऊन त्याला मानवलं. फूल हळूहळू उघडलं आणि उघडत उघडत सपाट झालं: तळहाताएवढं, मध्ये चार भाग पडलेलं, पाकळ्यांत पाकळ्या खचून भरलेल्या, फिकट गुलाबी, कडेला जवळजवळ पांढरं. वासाचं काय सांगू! सकाळी दार उघडलं की आधी वास येत होता, मग फूल दिसत होतं. बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबांना असा वास मी कधी अनुभवला नाही. जानेवारीअखेरपर्यंत फुलं येत राहिली. इंदूरकरांनी पावसाळ्यातल्या कळ्या खुडून टाकाव्यात आणि हिवाळ्याची वाट पाहावी. एवढं केलंत तर या झाडाला पैकीच्या पैकी गुण.

मालमेझाँही कलमीच आहे. फक्त लावताना मी गाठ मातीखाली चार बोटं पुरली होती, आणि परवा पाहिलं तर गाठीच्या वरून मालमेझाँची स्वतःची मुळं सुटली आहेत. काळ्या मातीत हे करायचं तर खड्ड्यात वाळू आणि कंपोस्ट सढळ हातानं घाला, नाहीतर पावसाळ्यात गाठ सडेल. आपल्या मातीत चुनाही जास्त. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोह कमी पडतंय असं समजा. साध्या हिराकशीचा (फेरस सल्फेटचा) फारसा उपयोग झाला नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या मातीतही मुळांना मिळत राहणारं लोह, दिल्यावर पानं पुन्हा हिरवी झाली.

आणि फुकटात मिळालेलं झाड सगळ्यांत सरस निघालं. रामबागेतल्या आत्यांच्या कुंपणाला कित्येक वर्षांपासून एक गुलाबी झुडूप आहे. त्या त्याला नुसतं ‘बारमाही’ म्हणतात. पानं-फुलं ताडून पाहता तो मला ओल्ड ब्लश वाटतो, अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधून इंग्लंडात पोचलेला. युरोपातल्या गुलाबांना पुन्हा पुन्हा फुलण्याचा गुण मुख्यतः अशा चिनी गुलाबांकडूनच मिळाला. पाऊस ओसरल्यावर, नुकतीच फुलून गेलेली पेन्सिलीएवढी फांदी घेतली, चार डोळे ठेवले, दोन मातीत आणि दोन वर, आणि तळ कापलेली पाण्याची बाटली वरून झाकणासारखी घातली. दिवाळीनंतर नवी पालवी आली. उन्हाळ्यात शेंडे वाळले, पण बुडातून जे फुटलं ते ओल्ड ब्लशच होतं. स्वतःच्या मुळांवरच्या झाडाचं हेच मोठेपण: जमिनीपर्यंत गेलं तरी परत येतं ते तेच येतं. कलमी झाड पहिल्या वर्षी झपाट्यानं वाढतं आणि नर्सरीला एकेका डोळ्यातून एकेक रोप मिळतं, म्हणून ते विकतात. त्यांचा धंदा आहे, पण मला बाग पुढच्या वीस वर्षांसाठी हवी आहे.

छाटणीबद्दल थोडंसं. दसऱ्यानंतर हायब्रिड टीची, म्हणजे बाजारातल्या लांब दांड्याच्या गुलाबांची करतात तशी कडक छाटणी चिनी आणि ‘टी’ या जुन्या वर्गांतल्या झाडांची करू नका. वाळलेलं आणि काटकुळं तेवढं काढा. पुष्कर-कन्नौजचा चैती गुलाब मी लावलेला नाही. तो मार्च-एप्रिलात एकदाच फुलतो आणि माझ्याकडे तेवढी जागा नाही.

जागा राखून ठेवली आहे ती फाटकावरच्या कमानीसाठी. खान नदीकाठच्या लालबागेतून फिरताना दरवेळी मनात एकच चित्र येतं: फाटकावर 1830 चा लामार्क गुलाब चढलाय, लिंबाची झाक असलेल्या पांढऱ्या फुलांचे झुबके खाली लोंबताहेत आणि येणारा माणूस त्यांच्याखालून वाकून आत येतोय. लामार्क नॉइझेट या जुन्या वर्गातला, कडाक्याची थंडी नसलेल्या ठिकाणी जोमानं चढणारा. आपल्याकडे चढायलाच हवा. दोन ठिकाणी चौकशी केली. दोन्हीकडे कलमीच आहे, म्हणून घेतला नाही.

इंदूर, उज्जैन, देवास या भागात कुणाकडे स्वतःच्या मुळांवरचा लामार्क असेल, तर सप्टेंबरअखेरीस एक फांदी हवी आहे, मी येऊन घेऊन जाईन. बदल्यात ओल्ड ब्लशची मुळं धरलेली रोपं तयार आहेत, हवी तेवढी न्या.