कामाचे कागद सी ड्राइव्हवरून डीवर: लिब्रेऑफिसमधला फोल्डर बदलून झालेले आठ महिने

सोलापुरात कोर्टाजवळ माझं टायपिंगचं छोटं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, पूर्व भागातल्या बचत गटांचे ठराव, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत स्टॉलवाल्यांचे अर्ज, असं दिवसभर काही ना काही चालूच असतं. गेल्या दिवाळीच्या आधी मशीन इतकं अडकायला लागलं की फॉरमॅटला द्यावं लागलं. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "ताई, डेटा कुठंय?" मी म्हणाले, "सगळा डी ड्राइव्हला." मला खरंच तसं वाटत होतं. स्कॅन आणि फोटो डीवर होते, पण टाइप केलेला प्रत्येक कागद सी ड्राइव्हच्या डॉक्युमेंट्समध्ये जात होता. सेव्हची खिडकी तिथंच उघडायची आणि मी नाव टाकून एंटर मारायचे. फॉरमॅटमध्ये सी पुसला गेला आणि तीन वर्षांचे मसुदे गेले.

त्यानंतरचे काही आठवडे फार वाईट गेले. "ताई, मागच्या वर्षीचाच कागद काढा, फक्त तारीख बदला," म्हणत लोक यायचे आणि मी कोऱ्या पानावर पहिल्या ओळीपासून सुरू करायचे. त्या कागदांचे टायपिंगचे पैसे मी घेतले नाहीत, कारण कागद जपून ठेवते असं मीच त्यांना सांगितलं होतं.

मशीन परत आल्यावर पहिलं काम हे केलं. मी ज्या प्रोग्राममध्ये टाइप करते त्या लिब्रेऑफिस रायटरमध्ये टूल्स, त्यात ऑप्शन्स, डावीकडे लिब्रेऑफिसच्या खाली पाथ्स. उजवीकडे यादी येते: ऑटोटेक्स्ट, बॅकअप्स, टेम्प्लेट्स, टेम्पररी फाइल्स वगैरे. माय डॉक्युमेंट्स ही ओळ निवडली, एडिट दाबलं, डी ड्राइव्हवर 'कामाचे कागद' नावाचं फोल्डर केलं होतं ते दाखवलं आणि ओके. दोन मिनिटांचं काम. चुकलं तर तीच ओळ निवडून डिफॉल्ट दाबायचं, मूळ जागा परत येते.

आता आठ महिन्यांत काय कळलं ते सांगते.

जागा बदलल्याने जुन्या फाइली आपोआप तिकडे जात नाहीत, त्या हातानेच हलवाव्या लागतात. हलवल्यावर अलीकडच्या फाइलींच्या यादीतून त्या उघडत नाहीत, कारण यादीत जुना पत्ता असतो. दुसरं म्हणजे हा बदल मुख्यतः नव्या, कोऱ्या कागदासाठी आहे. पेन ड्राइव्हवरून उघडलेला कागद 'सेव्ह ॲज' केला तर खिडकी पेन ड्राइव्हवरच उघडते. पक्षकार स्वतःचा पेन ड्राइव्ह घेऊन येतात, त्यामुळे सुरुवातीला दोन-तीन कागद त्यांच्याबरोबरच निघून गेले. आता फाइल आधी माझ्या फोल्डरात कॉपी करते, मगच उघडते.

सगळ्यात जास्त फायदा मात्र ऑटोटेक्स्टची जागा बदलल्याने झाला, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. "मी खाली सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की" इथून सुरू होणारे सगळे ठरलेले परिच्छेद मी ऑटोटेक्स्टमध्ये ठेवलेत. छोटी खूण टाइप करून एफ३ दाबलं की पूर्ण परिच्छेद उमटतो. फॉरमॅटमध्ये हेही गेलं होतं. पाथ्समध्ये ऑटोटेक्स्टच्या ओळीला एकाहून जास्त फोल्डर देता येतात. मी डीवरचं एक जोडलं आणि नवीन मजकूर तिथंच जाईल अशी खूण केली. आधीचे मार्ग काढले नाहीत, तसे राहू द्यावेत. टेम्पररी फाइल्सच्या ओळीलाही हात लावला नाही, तिथं आपलं काही काम नसतं.

बॅकअप्सची जागाही डीवर नेली आणि लोड/सेव्हमधल्या जनरल पानावर दर वेळी बॅकअप प्रत ठेवण्याची खूण केली. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. या प्रती एकाच फोल्डरात जमत असतील आणि दोन पक्षकारांच्या फाइलींचं नाव 'प्रतिज्ञापत्र' असंच असेल, तर एकाची प्रत दुसऱ्यावर बसते. म्हणून मी नाव आणि तारीख घालूनच फाइल सेव्ह करते. त्याच पानावर ऑटोरिकव्हरीची, म्हणजे चालू काम मध्येमध्ये आपोआप जपून ठेवण्याची, वेळ ३ मिनिटांवर आणली. मे महिन्यात दुपारी लाइट गेली, तेव्हा भाडेकराराचं चौथं पान चालू होतं. मशीन परत सुरू केल्यावर शेवटचं एक कलम सोडून सगळं मिळालं.

दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर वर्ड आहे. तिथं फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या पानावर 'डिफॉल्ट लोकल फाइल लोकेशन' बदलायचं आणि कागद मशीनवरच ठेवायचे असतील तर 'सेव्ह टू कॉम्प्युटर बाय डिफॉल्ट' वर खूण करायची. एफ१२ दाबलं की सेव्हची खिडकी थेट उघडते.

विंडोजमध्ये अख्खं डॉक्युमेंट्स फोल्डरच प्रॉपर्टीजमधल्या लोकेशनमधून डीवर नेता येतं. मी ते केलं नाही. इतर प्रोग्रामही आपापल्या वस्तू डॉक्युमेंट्समध्ये टाकतात, आणि मला माझ्या कागदांत त्यांची गर्दी नको होती. घरच्या मशीनला मात्र तोच मार्ग सोपा पडेल.

दोन गोष्टी सेटिंगने सुटत नाहीत. एक, हे सेटिंग प्रत्येक विंडोज खात्याचं वेगळं असतं. भाचा सुट्टीत मदतीला आला, त्याच्या खात्यातून केलेले कागद आठवडाभर सीवरच पडत होते. शिवाय सेटिंग स्वतः सी ड्राइव्हवर राहतं, ॲपडेटा, रोमिंग, लिब्रेऑफिस, ४ आणि त्यात युजर या फोल्डरात. फॉरमॅटच्या आधी त्याची कॉपी काढली तर परत सगळं लावायला नको. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझा सी आणि डी एकाच हार्ड डिस्कचे भाग आहेत. डिस्कच गेली तर दोन्ही जातील. म्हणून शनिवारी दुकान बंद करण्याआधी 'कामाचे कागद' बाहेरच्या ड्राइव्हवर घेते आणि तो ड्राइव्ह घरी नेते.

मागच्या आठवड्यात अक्कलकोटहून एक काका आले. हिवाळ्यात नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र करून नेलं होतं, ते प्रवासात भिजलं. त्यांनी पिशवीतून लगदा झालेला कागद काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आता परत सगळं सांगायचं का हो ताई?" मी आडनाव टाकून शोधलं. कागद समोर आला. तारीख बदलली, प्रिंट दिली आणि ते पुन्हा सही करायला निघाले.