एसीसीमध्ये कोणाला घ्यायचं? स्टॅनफर्ड, कॅल आणि एसएमयू शेजारी शेजारी ठेवून

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आमच्या मराठी मित्रमंडळींत हा वाद 2023 च्या उन्हाळ्यापासून चालू आहे. खाडीच्या या बाजूला बर्कलीची कॅल (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), त्या बाजूला स्टॅनफर्ड, आणि दोघींवर एकाच महिन्यात बेघर व्हायची वेळ आली होती. आता जवळपास दरवर्षी कुठली ना कुठली कॉन्फरन्स नवीन मेंबर घेते आणि मग सगळे विचारतात की यांना का घेतलं, त्यांना का नाही. तर मी म्हटलं एसीसीचंच, म्हणजे पूर्वेच्या अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचंच, उदाहरण घेऊन नीट मांडूया, कारण तिथे तीन अगदी वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्या एकदमच दारात उभ्या होत्या आणि पुढे काय झालं तेही आता दिसलंय.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडं. कॉन्फरन्स म्हणजे दहा-पंधरा युनिव्हर्सिट्यांचा गट, एकमेकांशी खेळतात, टीव्हीचा करार सगळ्यांच्या वतीने एकत्र करतात आणि पैसे वाटून घेतात. पैसा मुख्यतः फुटबॉलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा. पण मेंबरशिप फक्त फुटबॉलची नसते, व्हॉलीबॉल, सॉकर, स्विमिंग, बेसबॉल सगळे त्याच गटात ओढले जातात, आणि खरी अडचण तिथेच होते.

पॅक-12 ही पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स, 1915 पासूनची. जून 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलएने बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सला जायचं ठरवलं, जुलै 2023 मध्ये कोलोरॅडो गेली, आणि 4 ऑगस्ट 2023 ला एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा अशा पाच गेल्या. उरल्या चार. त्यातल्या स्टॅनफर्ड आणि कॅलने पार दुसऱ्या किनाऱ्यावरच्या एसीसीचं दार वाजवलं, आणि त्यांच्या जोडीला डॅलसची सदर्न मेथडिस्ट, म्हणजे एसएमयू, तीही आली.

आता तुम्ही एसीसीच्या 15 पैकी एका युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट आहात असं समजा. ठराव पास व्हायला 12 मतं लागतात. आधी चाचपणी केली तेव्हा चार जणांचा विरोध होता, फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन, नॉर्थ कॅरोलायना आणि एनसी स्टेट, म्हणजे एका मताने अडलं. मग एनसी स्टेटने मत बदललं आणि 1 सप्टेंबरला 12 विरुद्ध 3 ने तिघींना एकदम घेतलं. पण समजा तिघींवर वेगवेगळं मत द्यायचं असतं तर?

पैशाचं बघू आधी, कारण प्रेसिडेंट लोक तेच आधी बघतात

ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलबरोबरच्या करारात अशी सोय होती की नवीन मेंबर आला की त्याच्यासाठी वेगळे पैसे मिळणार, त्यावेळी साधारण 24 मिलियन डॉलर दरवर्षी प्रत्येकी असा आकडा सांगितला जात होता. म्हणजे नवीन मेंबरने पूर्ण वाटा मागितला तर जुन्यांच्या हातात काहीच पडत नाही, वर विमानाचा खर्च वाढतो. त्याने कमी घेतलं तर उरलेलं जुन्यांना. सगळी घासाघीस याच्यावर झाली.

स्टॅनफर्ड आणि कॅल दोघी पहिली सात वर्षं फक्त 30 टक्क्यांवर तयार झाल्या, आठव्या वर्षी 70, नवव्या वर्षी 75 आणि मग दहाव्या वर्षी पूर्ण. एसएमयूने काय केलं? नऊ वर्षं टीव्हीचा एक पैसाही नको. शून्य! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं बातमीत काहीतरी चुकलंय.

पण एसएमयूची गोष्ट माहीत असेल तर पटतं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ही देशातली एक जबरदस्त टीम होती, पुढे एनएफएल गाजवणारा एरिक डिकर्सन तिथलाच. मग खेळाडूंना पैसे देण्याचं प्रकरण पुन्हा पुन्हा उघडकीला आलं आणि 1987 मध्ये एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या देशव्यापी संस्थेने, त्यांचा पूर्ण सीझनच रद्द केला, ज्याला लोक डेथ पेनल्टी म्हणतात, 1988 चा सीझन मग युनिव्हर्सिटीने स्वतःच सोडला. त्यांची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 मध्ये मोडली, टेक्सासमधल्या चार युनिव्हर्सिट्या बिग 12 मध्ये गेल्या आणि एसएमयू मागे राहिली, पुढची पंचवीस-सत्तावीस वर्षं या छोट्या कॉन्फरन्समधून त्या छोट्या कॉन्फरन्समध्ये. त्यामुळे डॅलसमधल्या त्यांच्या श्रीमंत माजी विद्यार्थ्यांना दार किलकिलं दिसल्यावर त्यांनी हिशोब केलाच नाही, एसीसीत घेतल्यावर आठवड्याभरात 100 मिलियन डॉलर गोळा करून दाखवले. टीव्हीच्या पैशांची जागा देणगीने भरली.

स्टॅनफर्डकडेही पैसा आहे हो, एंडोमेंट, म्हणजे देणग्यांचा कायमचा निधी, अफाट आहे, पण तो पैसा असा उचलून फुटबॉलवर ओतता येत नाही आणि तिथल्या लोकांना ओतायचाही नसतो. 2020 मध्ये याच स्टॅनफर्डने 36 पैकी 11 खेळ बंद करायची घोषणा केली होती, माजी खेळाडूंनी रान उठवलं म्हणून 2021 मध्ये ती मागे घेतली.

कॅलचं सगळ्यात अवघड. सरकारी युनिव्हर्सिटी, आणि मेमोरियल स्टेडियम 1923 चं, बरोब्बर हेवर्ड फॉल्टवर बांधलेलं, म्हणजे भूकंपाची भेग मैदानाखालून जाते. ते मजबूत करायलाच लागणार होतं आणि 2012 पर्यंत त्यासाठी जे कर्ज झालं ते अजून मानेवर आहे. यूसीएलए बिग टेनला गेली म्हणून तिने बहिणीला, म्हणजे कॅलला, तीन वर्षं दरवर्षी 10 मिलियन द्यायचे असं दोघींच्या सामायिक बोर्डाने 2024 मध्ये ठरवलं. त्याचा आधार आहे, पण तो तात्पुरता. 30 टक्क्यांवर सात वर्षं काढायची ताकद तिघींमध्ये कॅलकडे सगळ्यात कमी, हे माझं या टीमवर प्रेम असूनही मान्य करावं लागतं.

मैदानावर

इथे फार वेळ घालवत नाही, निकालच बोलतो. पहिल्याच वर्षी, 2024 मध्ये, एसएमयूने एसीसीतले आठच्या आठ सामने जिंकले, फायनलला क्लेमसनकडून 34-31 ने शेवटच्या किकवर हरली, तरीही देशातल्या 12 टीमच्या प्लेऑफमध्ये गेली. तिथे पेन स्टेटने 38-10 ने धुतलं तो भाग वेगळा. टीव्हीच्या पैशांवर पाणी सोडून आलेली टीम पहिल्या वर्षी कॉन्फरन्सची फायनल खेळते!

स्टॅनफर्ड 3-9, म्हणजे तीन जिंकले, नऊ हरले. तेही सलग चौथ्या वर्षी 3-9. 2013 आणि 2016 ला रोझ बोल हा नववर्षाचा मानाचा सामना जिंकलेली हीच टीम, यावर विश्वास बसत नाही. त्यांचा जुना स्टार क्वार्टरबॅक अ‍ॅन्ड्रू लकला जनरल मॅनेजर म्हणून परत आणलंय, पण ते काम लांब पल्ल्याचं.

कॅल 6-7, आणि हा आकडा फसवा आहे. फ्लोरिडा स्टेटकडून 14-9, मायामीकडून 39-38, पिट्सबर्गकडून 17-15, एनसी स्टेटकडून 24-23. चार सामने मिळून नऊ पॉइंटनी घालवले. मायामीच्या सामन्याला, 5 ऑक्टोबर 2024, मी बर्कलीत होतो. ईएसपीएनचा कॉलेज फुटबॉलचा गेमडे शो पहिल्यांदाच कॅलला आला होता, पोरं आदल्या रात्रीपासून लाईनीत, आणि संध्याकाळी साडेसातला सुरू झालेला सामना, एका क्षणी 35-10 ने पुढे, मग हळूहळू हातातून गेला. स्टेडियममधून बाहेर पडताना हजारो माणसं होती पण कोणी बोलत नव्हतं. आणि हे फक्त भावनेचं नाही, यात टीव्हीचं गणित पण आहे, तो सामना पूर्व किनाऱ्यावर रात्री साडेदहाला सुरू झाला आणि तरी देशभर बघितला गेला. पश्चिमेची टीम असली की चॅनलला ती रात्रीची वेळ भरायला मिळते, जी एसीसीकडे आधी नव्हतीच.

बाकीचे खेळ, आणि विमान

फुटबॉल सोडून बघितलं तर स्टॅनफर्डच्या जवळपास कोणी नाही. सगळ्या खेळांची मिळून जी डायरेक्टर्स कप रँकिंग असते ती 1994-95 पासून 2018-19 पर्यंत सलग 25 वर्षं स्टॅनफर्डने जिंकली. पॅरिस 2024 मध्ये स्टॅनफर्डच्या आजी-माजी खेळाडूंनी 39 मेडल आणली, कितीतरी देशांपेक्षा जास्त. कॅलचं स्विमिंगही तसंच तगडं, 2022 आणि 2023 ला पुरुषांचं एनसीएए टायटल त्यांचं. याबाबतीत एसएमयू दोघींच्या बरीच मागे.

पण हे खेळाडू जातात कसे? बे एरियातून बॉस्टन म्हणजे चार हजार किलोमीटरच्या वर, आणि तीन तासांचा फरक. इथे एक गोष्ट मात्र बरेच लोक विसरतात, सगळ्या खेळांवर सारखा भार पडत नाही. स्विमिंग, गोल्फ, क्रॉस कंट्री यांच्या मोजक्या मोठ्या स्पर्धा असतात, त्यांना कॉन्फरन्स कुठली याने फार फरक पडत नाही. फील्ड हॉकीवाल्या मुलींना तर फायदाच झाला, पश्चिमेला टीमच नाहीत म्हणून स्टॅनफर्ड आणि कॅलच्या हॉकी टीम आधीही ईशान्येतल्या अमेरिका ईस्टमध्ये खेळत होत्या, आता निदान देशातली सगळ्यात कडक हॉकी कॉन्फरन्स मिळाली. मरण आहे ते व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉल, सॉफ्टबॉल, बेसबॉल यांचं, जे एकेका विरोधकाशी घरी किंवा बाहेर खेळतात. दर काही आठवड्यांनी गुरुवारी विमानात बसायचं, एका वीकेंडला दोन सामने, रविवारी रात्री उशिरा परत, सोमवारी सकाळी वर्गात. स्टॅनफर्डचं वर्ष क्वार्टर सिस्टिमचं, दहा आठवड्यांत एक कोर्स संपतो, त्यातले तीन-चार वीकेंड असे गेले तर विचार करा. माझ्या ओळखीतल्या एका घरातली मुलगी कॉलेजमध्ये खेळते (कुठे ते सांगत नाही), तिची आई म्हणते परीक्षेपेक्षा तिला झोपेची काळजी जास्त वाटते.

आणि याच मुद्द्यावर एसएमयूचं महत्त्व वाढतं, जे मला सुरुवातीला कळलंच नव्हतं. डॅलस मध्ये पडतं. दोन्ही किनाऱ्यांना तिथून साधारण तीन-चार तासांत पोचता येतं, त्यामुळे कॅल किंवा स्टॅनफर्डला दरवेळी पूर्ण देश ओलांडायला नको, आणि पूर्वेच्या टीमना मधे भेटता येतं. फक्त दोन कॅलिफोर्निया टीम घेतल्या असत्या तर त्या बेटासारख्या एकट्या राहिल्या असत्या.

मग मत कोणाला

माझा क्रम: एसएमयू पहिली, स्टॅनफर्ड दुसरी, कॅल स्टॅनफर्डच्या जोडीनेच.

एसएमयू पहिली कारण ती येण्यासाठी सगळ्यात जास्त सोडायला तयार होती आणि सोडलेलं भरून काढायची तिची सोयही समोर दिसत होती. नुसती तयारी कोणीही दाखवतं, पैसे कुठून येणार ते दाखवणारी एकच होती. वर डॅलसचं टीव्ही मार्केट देशातल्या पहिल्या पाचात. तिच्या विरोधात एकच म्हणता येतं, की डॅलसमध्ये लोक काउबॉइज ही व्यावसायिक टीम आणि टेक्सासच्या बाकीच्या कॉलेजांना जास्त बघतात आणि स्टेडियम जेमतेम 32 हजारांचं. खरंय. तरीही.

स्टॅनफर्ड दुसरी, फुटबॉलसाठी अजिबात नाही, पण ड्यूक, व्हर्जिनिया, नोटर डेम अशांना तिच्या शेजारी बसायचं असतं आणि ते चूक नाही, एसीसी शेवटी त्या युनिव्हर्सिट्यांची कॉन्फरन्स आहे. कॅल एकटी आली असती तर मी नाही म्हटलं असतं, कारण कर्ज आणि 30 टक्के हे एकत्र बघवत नाही. पण 1892 पासून या दोघी एकमेकींशी बिग गेम हा फुटबॉलचा सामना खेळतात, आणि व्यवहारातही दोघी असल्या तर पूर्वेची टीम एका फेरीत दोघींशी खेळून जाते, म्हणजे कॅल आल्याने स्टॅनफर्ड घेण्याचा खर्च कमी होतो.

तुम्ही क्लेमसन किंवा फ्लोरिडा स्टेटच्या खुर्चीत असाल तर मात्र तुमचा क्रम वेगळा असेल हे समजतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, आमचा फुटबॉल लोक बघतात आणि वाटा मात्र सगळ्यांना सारखा. पुढे दोघींनी कोर्टात धाव घेतली, मार्च 2025 मध्ये तडजोड झाली आणि टीव्हीवर किती लोक बघतात त्यावर पैशाचा मोठा भाग वाटायचं ठरलं. या नियमात कॅल आणि स्टॅनफर्डची अवस्था आणखी कठीण, त्यात त्याच वर्षी जूनमध्ये खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि आता प्रत्येक युनिव्हर्सिटी खेळाडूंना थेट पैसे देऊ शकते, 2025-26 साठी ही मर्यादा 20.5 मिलियन होती. एसएमयूला ते देणगीतून जमेल. बर्कलीला कुठून आणायचे?

म्हणून ज्या कॉन्फरन्सला यापुढे कोणाला घ्यायचंय त्यांनी दोन कागद मागवावेत असं मला मनापासून वाटतं. एक, कमी वाट्याच्या प्रत्येक वर्षी तूट कोण भरणार त्याचं नावासकट पत्र. दुसरा, व्हॉलीबॉल आणि सॉकरचं पहिल्या वर्षाचं पूर्ण वेळापत्रक, विमानांच्या वेळा आणि परीक्षेच्या तारखांसह, मत देण्याच्या आधी टेबलावर. 2023 मध्ये सगळं चार आठवड्यांत उरकलं आणि मुलींचं वेळापत्रक नंतर बसवलं गेलं. फुटबॉल टीम बाहेरगावी जाते ती वर्षाला पाच-सहा वेळा, चार्टर विमानाने. व्हॉलीबॉल टीम आठवड्यामागून आठवडे जाते.