पट्टी कापलेली वेरूळची चित्रं

जुनी पुस्तकं आणि त्यातली कोरीव छापचित्रं गोळा करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ज्याने मला फसवलं त्याचा धंदा अजून चालू आहे आणि त्याची रीत सहज लक्षात येणारी नाही.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला. पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणविसांची चित्रं काढली, वेरूळच्या लेण्यांवर काम केलं आणि १७९५ मध्ये तो वारला. त्याच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने १८०३ मध्ये लंडनला २४ ॲक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या) चित्रांचा संच काढला. पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट वेल्सच्याच काळात वेरूळ रेखाटत होते. त्यांची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. त्यामुळे या संचातलं एखादं पान घरात असावं, ही माझी फार दिवसांची इच्छा होती.

एका विक्रेत्याकडे अशी चार चित्रं होती. एक सुटं, तीन फ्रेममध्ये. सुटं चित्र त्याने आपणहून माझ्या हातात दिलं, वर भिंगही दिलं. ते अस्सलच होतं. ॲक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवून पत्रा तेजाबात बुडवतात. कणांमधली जागा खाल्ली जाते, आणि छापल्यावर सावलीच्या जागी वेडीवाकडी, बारीक जाळी दिसते. ती मला स्पष्ट दिसली. हाताने भरलेला रंग रेषेबाहेर गेलेलाही दिसला. फ्रेमबद्दल विचारलं तर म्हणाला, "साहेब, कागद ठिसूळ झालाय. खोललं की तुकडे पडतील. एकाच पुस्तकातली पानं आहेत, एक बघितलंत म्हणजे सगळी बघितलीत." चारही मिळूनच द्यायची, ही त्याची अट होती. रक्कम पन्नास हजारांच्या वर गेली.

खरं काय ते कळलं कागद-संवर्धन करणाऱ्या एका ताईंकडे. त्यांनी पहिल्या फ्रेमची पाठ उघडली आणि चित्र अतिनील टॉर्चखाली धरलं. कागदाला चहाच्या पाण्याने जुनेपणा आणलेला होता, पण चिकटपट्टीखाली चहा पोचला नव्हता. तेवढी जागा निळसर पांढरी चमकली. कागदाला अशी चमक आणणारी रसायनं विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास वापरात आली. १८०३ च्या कागदात ती असूच शकत नाहीत. भिंगाखाली कैलास लेण्याच्या सावलीत जाळीऐवजी आधुनिक ऑफसेट छपाईचे ठिपके निघाले, रांगेत, फुलासारख्या नक्षीत. अस्सल छापात दिसतो तसा पत्र्याचा दाब दिसावा म्हणून कडेने कोरा पत्रा दाबून खोटी खूण उमटवली होती. बाकीच्या दोन फ्रेमही तशाच निघाल्या.

सर्वांत जास्त राग आला तो खालच्या समासाचा. या मुळात चांगल्या प्रतिकृती होत्या, मेहनतीने छापलेल्या. प्रामाणिक प्रकाशक अशा चित्राखाली प्रतिकृती असल्याची ओळ छापतो. ज्यांना मूळ परवडत नाही, त्यांच्यासाठी अशा आवृत्त्या मोठी सोय आहे आणि मी त्या आनंदाने विकत घेतो. इथे मात्र ती ओळ असलेली समासाची पट्टी पात्याने सरळ कापून टाकली होती. एका चित्रावर छापील अक्षरांची वरची टोकं राहून गेली होती. ज्याने ती कापली, त्याला आपण काय करतोय ते पुरतं ठाऊक होतं. आणि ते सुटं अस्सल चित्र तरी कुठून आलं? कुणाचं तरी धड पुस्तक फाडूनच ना!

परत गेलो तर विक्रेत्याचं उत्तर तयार होतं: "बिल वाचा." बिलावर लिहिलं होतं, "वेरूळ प्रिंट, जुनी पद्धत, ४ नग." ना साल, ना प्रकाशक, ना 'मूळ' हा शब्द.

मी ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. त्यासाठी २ वर्षांची मुदत असते, म्हणून तुमच्यावर अशी वेळ आली तर फोनवरचे निरोप, पैसे भरल्याची नोंद आणि संवर्धकाचा लेखी अहवाल लगेच एकत्र करा. खरेदी करताना बिलावर मुद्रणाची पद्धत, साल, मूळ की प्रतिकृती, आणि खोटं निघाल्यास पैसे परत, एवढं लिहून घ्या. विक्रेता लिहून देत नसेल तर तिथेच थांबा. फ्रेम उघडायला नकार दिला, तर त्याच्या समोर संवर्धकाकडून उघडून घ्यायची तयारी दाखवा, खर्च तुमचा. एक सुटं आणि बाकीची बंद फ्रेममध्ये अशी जोडी कुणी दाखवली, तर सुट्याकडे पाहू नका. बंद असलेलं आधी मागा.