बोलोन्यात अकरा महिने: तोंडी परीक्षेचा अनुभव

प्रवेश, व्हिसा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांची माहिती वाचकांना असेलच, असे धरून मी इटलीतील बोलोन्या विद्यापीठातल्या अकरा महिन्यांनंतर मुख्यतः तोंडी परीक्षेविषयीच लिहीत आहे, कारण माझे इथले बरेवाईट मत तिनेच ठरवले.

पुण्यात पदवीपर्यंत मी तीन तासांचे लेखी पेपर दिले होते. फेब्रुवारीत इथे प्राध्यापकांच्या समोरच्या खुर्चीत बसले, तेव्हा मागच्या बाकांवर इतर विद्यार्थी ऐकत होते. व्याख्या मी बिनचूक सांगितल्या. पण प्रत्येक व्याख्येनंतर ‘असे का?’ हा प्रश्न आला आणि तिथे मी अडखळले. निकाल जागेवरच मिळाला: 30 पैकी 22. उत्तीर्ण होण्यास 18 पुरतात. त्या रात्री मी घरी फोन करून ही पद्धत अन्यायाची आहे, असे रडत सांगितले, कारण उत्तरपत्रिकाच नसेल तर फेरतपासणी तरी कशाची मागायची?

मात्र मिळालेले गुण नाकारून पुन्हा परीक्षेला बसण्याची मुभा इथे आहे, आणि मी ती घेतली. बाबांना हा निर्णय पटला नव्हता. शिष्यवृत्तीचा पुढचा हप्ता ठरावीक तारखेपर्यंत ठरावीक क्रेडिट जमा होण्यावर अवलंबून असतो, आणि खोलीची अनामत रक्कम आधीच्या घरमालकाने अजून परत न केल्यामुळे आमच्याकडे गमावण्यासारखा एकही युरो नव्हता.

पुढचे चार महिने मी सालाबोर्सा या सार्वजनिक ग्रंथालयात वाचले आणि संध्याकाळी दोन वर्गमैत्रिणींसोबत पोर्तिकोंखालून चालत एकमेकींना विषय मोठ्याने समजावून सांगितले. शहरात या छपराच्या वाटा एकूण सुमारे 62 किलोमीटर आहेत, त्यामुळे पावसातही आमची उजळणी थांबली नाही आणि बसचे पैसेही वाचले. जूनमध्ये त्याच प्राध्यापकांनी त्याच विषयात मला 28 गुण दिले. त्यांच्या प्रत्येक ‘का?’ला या वेळी माझ्याकडे स्वतःचे उत्तर होते, आणि फेब्रुवारीतले माझे मत मी तिथेच मागे घेतले.

1088 हे स्थापनावर्ष मानणाऱ्या या विद्यापीठात मध्ययुगात विद्यार्थ्यांचे संघ शिक्षकांना नेमत आणि उशीर झाल्यास त्यांना दंडही करत. आर्किजिन्नासिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या भिंतींवर जुन्या विद्यार्थ्यांची हजारो कुलचिन्हे आहेत. ती पाहताना मला दर वेळी या संघांची आठवण येते.

गुण नाकारण्यापूर्वी पुढची परीक्षा कधी आहे आणि क्रेडिटची मुदत कधी संपते, हे शेजारी शेजारी लिहून पाहावे. माझी मुदत जूनच्या निकालाने जेमतेम साधली. सप्टेंबरमध्ये माझे दोन विषय आहेत. त्यांपैकी एकात 24 मिळाले तरी मी ते घेणार आहे, कारण नव्या खोलीचे भाडे त्याच महिन्यात भरायचे आहे.