'टुमॉरोलँड' की 'अ रिंकल इन टाइम': मुलांसोबत कोणता लावाल?

दोन्ही चित्रपट डिस्नेचे, दोन्ही समीक्षकांनी झोडपलेले, दोन्ही गल्ल्यावर आपटलेले. तरी घरात आठ ते बारा वर्षांची मुलं असतील तर यातला एक लावायला काहीच हरकत नाही.

'रिंकल' (2018) मॅडलिन लेंगलच्या 1962 च्या कादंबरीवर आहे: मेग ही मुलगी हरवलेल्या वडिलांच्या शोधात तीन गूढ बायकांबरोबर परग्रहांवर जाते. कादंबरी वाचली असेल तर मेगचे जुळे भाऊ आणि आंट बीस्ट ही पात्रं शोधत बसू नका, दोन्ही गाळलेत. स्टॉर्म रीडने मेग मात्र मनापासून केली आहे. कॅमाझॉट्झ या दुष्ट ग्रहावरचा गल्लीचा प्रसंग तर खासच: एकसारखी घरं, घराघरासमोर एकेक मूल, सगळ्यांचे चेंडू एकाच ठेक्यात आपटतायत आणि मग सगळ्या आया एकाच वेळी दारात. राक्षस नाही की रक्त नाही, तरी चुळबुळणारी पोरं गप्प होतात.

माझं घोडं अडलं ते त्या तिघींपैकी मिसेस हूपाशी. ही बाई बहुतेक वेळ दुसऱ्यांचीच वाक्यं बोलते, कधी रूमी, कधी बुद्ध, आणि वर सांगणाऱ्याचं नाव आणि देशही जोडते. इंग्रजी कानाला पुरतं सरावलेलं नसलेलं मूल सबटायटल वाचतं. वाक्य वाचून झालं की नाव, नावानंतर देश, तोवर पुढचं दृश्य निघून गेलेलं. मग "हा कोण?" सुरू होतं. उरलेल्या दोन मिसेसही उपदेशात कमी नाहीत. त्यात कॅमेरा चेहऱ्यांना इतका चिकटलेला की मुलं आधी पोचतात तो, न्यूझीलंडमध्ये चित्रित केलेला हिरवागार ग्रह मागे धूसर राहतो.

'टुमॉरोलँड' (2015) मध्ये बोलणं कमी आहे असं नाही. कॅमेऱ्याकडे बघून चाललेली सुरुवातीची वादावादी सरळ पुढे ढकला आणि 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यापासून सुरू करा. पण दिग्दर्शक ब्रॅड बर्ड मूळचा अ‍ॅनिमेशनवाला, त्याचे प्रसंग न ऐकताही कळतात. नायिका केसी भविष्यातलं शहर दाखवणाऱ्या बिल्ल्याला हात लावते तेव्हा ती गव्हाच्या शेतात असते, पण पाय खऱ्या घरातच चालत असतात, त्यामुळे भिंतीवर आपटते, जिन्यावरून गडगडते. बिल्ल्याची मुदत संपते तेव्हा बया पाण्यात उभी! पुढे फ्रँक या संशोधकाच्या सापळ्यांनी भरलेल्या घरातून सुटका होते ती चक्क बाथटबमधून, आणि आयफेल टॉवरच्या पोटातून रॉकेट निघतं. यातल्या कशालाच सबटायटल लागत नाही.

खोट आहे ती शेवटी. जे शहर बिल्ल्यात दिसलं ते प्रत्यक्षात गाठेपर्यंत बराच उशीर होतो, आणि पोचल्यावर ते ओसाड निघतं. मुलं हिरमुसतात, तेव्हा आधीच कल्पना दिलेली बरी. मग खलनायक झालेल्या ह्यू लॉरीचं भाषण. तेवढ्यात चहा टाकून येता येतो. ह्यूस्टनच्या दुकानातली मारामारी आणि त्यानंतर पोलिसांना क्षणात नाहीसं करणारे हसरे रोबो, हे सात वर्षांखालच्यांना जड जाईल. मध्यंतर घ्यायचं तर बाथटब उडाल्यावर घ्या. पॅरिसमध्ये थांबलात तर मुलं उठायचीच नाहीत.

ज्याची त्याची आवड, पण मिश्र वयाची पोरं आणि सोबत आजी-आजोबा असतील तर मी 'टुमॉरोलँड'च लावीन, तो वीसेक मिनिटांनी लांब असला तरी. घरात अकरा-बारा वर्षांची मुलगी असेल आणि मेगसारखीच स्वतःच्या केसांवर, चष्म्यावर रुसलेली असेल, तर मात्र 'रिंकल' आधी लावा. सबटायटल चालू ठेवा आणि मिसेस हूने तोंड उघडलं की रिमोट हाताशी असू द्या.