फ्लॅटवाउंड तारा "वाजवून वाजवून ब्राइट होतील" असं सांगणाऱ्या विक्रेत्यापासून सांभाळा

बेस गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि त्यातही जे पहिल्यांदाच राउंडवाउंड सोडून फ्लॅटवाउंडकडे चाललेत पण ज्यांना आवाज एकदम दबलेला नकोय त्यांनी तर नीट वाचा. मला ऑनलाइन एका विक्रेत्याने वापरलेल्या फ्लॅटवाउंड तारा नवीन म्हणून विकल्या, आणि त्या मेल्यासारख्या का वाजतात याचं असं कारण दिलं की नवख्या माणसाला ते खरंच वाटणार. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, तो आता दुसऱ्याच नावाने विकतोय त्यामुळे लिहून उपयोगही नाही, आणि पाकिटावर ज्या कंपनीचं नाव होतं तिचा यात काही दोष नाही.

मला काय हवं होतं ते आधी सांगतो कारण त्यावरच त्याने डाव टाकला. राउंडवाउंडवर गोल तार गुंडाळलेली असते, तिचे कंगोरे बोटाला लागतात, हात सरकवला की खर्रर्र आवाज येतो आणि फ्रेट, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या काड्या, पण लवकर झिजतात. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी एकाला एक लागून गुंडाळतात म्हणून तार काचेसारखी गुळगुळीत लागते, पण त्याचमुळे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक उंच सूर, लवकर विरतात आणि आवाज गोल, थोडा दबका येतो. मोटाउनच्या गाण्यांवर बेस वाजवणाऱ्या जेम्स जेमर्सनचा आवाज आठवा, ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅट तारा आणि त्या तुटल्याशिवाय तो बदलायचा नाही. मला तो आवाज मनापासून आवडतो पण आमच्या बँडमध्ये दोन गिटार आहेत, त्यात तसा बेस पार गाडला जातो. मला फ्लॅटची गुळगुळीत तार हवी होती आणि त्यासोबत थोडी धार, म्हणजे ज्याला ब्राइट म्हणतात तसा वरचे सूर स्पष्ट ऐकू येणारा आवाज.

आणि अशा तारा खरंच मिळतात, हे काही स्वप्न नाही. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीचे फ्लॅट साधारणपणे प्युअर निकेलवाल्यांपेक्षा ब्राइट असतात. डॅडारिओ कंपनीचे क्रोम्स त्यासाठीच ओळखले जातात, अर्नी बॉलचे कोबाल्ट फ्लॅट त्याहून पुढे जाऊन राउंडवाउंडच्या जवळ जातात, आणि रोटोसाउंडचे मोनेल (निकेल-तांब्याचा मिश्रधातू) फ्लॅट वाजवणारा स्टीव्ह हॅरिस तर सगळ्यांना माहीतच आहे, आयर्न मेडन या हेवी मेटल बँडमधला तो खणखणीत खटखटीत बेस फ्लॅटवाउंडवरच वाजतो. उलट थोमास्टिकचे निकेल फ्लॅट फार सुंदर, मऊ, कमी ताणाचे, पण ती वेगळीच चव.

तर या विक्रेत्याच्या लिस्टिंगमध्ये एका नामांकित सेटचा फोटो, खाली "एक्स्ट्रा ब्राइट फ्लॅटवाउंड, नवीन, फक्त फोटोसाठी पाकीट उघडलंय" असं वर्णन, आणि सोबत एक छोटी क्लिप. क्लिपमध्ये आवाज मस्त होता, चकचकीत. नंतर हेडफोन लावून तीच क्लिप परत ऐकली तेव्हा लक्षात आलं की वादक पाचव्या फ्रेटवरून वर सरकतो तिथे स्पष्ट खर्रर्र येतंय. फ्लॅटवाउंडवर तो आवाज असा स्पष्ट येत नाही हो! म्हणजे डेमो सरळ राउंडवाउंडवर वाजवलेला. ही खूण सगळ्यांनी लक्षात ठेवा, विक्रेत्याच्या डेमोमध्ये हात सरकताना काय ऐकू येतं तिकडे कान द्या, ॲम्पवर ट्रेबल वाढवून टोन फसवता येतो पण ती घसट लपवणं अवघड आहे.

तारा आल्या, बसवल्या, आणि आवाज एकदम ठोकळ्यासारखा. ट्रेबल पूर्ण वर, ब्रिजजवळ पिकने वाजवलं तरी धप्प. ई ची तार तर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिकशी जुळतच नव्हती, सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, कितीही पुढेमागे केलं तरी एक विचित्र लहरणारा सूर यायचा. विक्रेत्याला लिहिलं तर अगदी गोड उत्तर आलं, "फ्लॅट तारांना ब्रेक-इन लागतो, रोज वाजवत राहा, जितकं वाजवाल तितका टोन खुलेल, थोडे आठवडे द्या."

मित्रांनो हे साफ उलटं आहे आणि हेच सांगायला मी हे सगळं लिहितोय. ब्रेक-इन हा शब्द फ्लॅटच्या बाबतीत लोक खरंच वापरतात, पण त्याचा अर्थ असा की नव्या तारेची सुरुवातीची झणझण, तो थोडा टोचणारा वरचा आवाज काही दिवसांनी बसतो आणि तार मऊ होत जाते. म्हणजे प्रवास ब्राइटकडून डलकडे असतो. घाम, त्वचेचं तेल, धूळ हे पट्टीच्या फटींत शिरतं आणि वरचे सूर खात जातं. वाजवून वाजवून तार ब्राइट झाली असं होत नाही, जी फ्लॅट तार बसवल्याच्या दिवशी ब्राइट नाही ती पुढे कधीच होणार नाही. स्टीव्ह हॅरिस तारा इतक्या वारंवार बदलतो ते कशासाठी? तो ताजा खणखणाट हवा म्हणूनच. अर्धी खरी गोष्ट उलटी फिरवून विक्रेता वेळ काढत होता, कारण त्या "थोड्या आठवड्यांत" परत करायची मुदत संपते. आणि तशी ती संपलीच, तोपर्यंत तो रोज तत्परतेने उत्तरं द्यायचा आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून "बसवलेल्या तारा परत घेतल्या जात नाहीत" एवढं एकच वाक्य.

यातला सगळ्यात वाईट भाग हाच वाटतो मला. दोष कळायला तार बसवावी लागते आणि बसवली की परत नाही. ज्याने स्वतःच "लावा, वाजवत राहा" म्हणून सांगितलं तोच नंतर लावल्या म्हणून बोट दाखवतो. गिटार नवीन शिकणारी मुलं कितीतरी महिने पैसे साठवून फ्लॅटचा सेट घेतात, राउंडपेक्षा तो महागच असतो, आणि असा सेट हातात आल्यावर त्यांना वाटणार की आपला बेस खराब आहे किंवा आपल्या बोटांतच काही नाही. याचा मला खरंच संताप येतो.

पैसे परत मिळाले ते फोटोंमुळे. तारेवरचं सिल्क, म्हणजे टोकाला रंगीत धागा असतो ना, ते नटच्या (खुंट्यांजवळची खाचांची पट्टी) पलीकडे नीट जातंय का हे मी बसवायच्या आधी टेबलावर मोजपट्टीशेजारी तारा पसरून बघतो, स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी, तारेशी जुळत नसेल तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि पट्टी सुटू शकते म्हणून. ते फोटो झूम करून पाहिले आणि सगळं दिसलं. तारेच्या खालच्या बाजूला बारीक चपटे चकचकीत डाग होते, ठराविक अंतरावर. 34 इंची स्केलच्या बेसवर नटपासून पहिला फ्रेट साधारण 48 मिलिमीटरवर येतो, दुसरा 94, तिसरा 137, पाचवा 217 आणि बारावा मध्यावर 432. नटच्या खाचेची खूण शून्य धरून मोजलं तर डाग बरोबर तिथेच! फॅक्टरीतून आलेल्या तारेवर फ्रेटच्या खुणा कुठून येणार? शिवाय सिल्क दबून चमकत होतं आणि त्याचे धागे सुटलेले, शेपटाकडचं टोक आधीच कापलेलं आणि सरळ केलेलं असूनही त्याला खुंटीच्या गुंडाळीचे वळसे राहिलेले. नवी फ्लॅट तार मोठ्या सैल वेटोळ्यात येते, तिला अशी नागमोडी वळणं नसतात.

विक्रेता म्हणाला ते मशीनचे डाग आहेत. मग दुसरीकडून क्रोम्सचा 45 ते 100 चा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) सीलबंद सेट आणला, त्याच टेबलावर तसेच फोटो काढले, त्याच बेसवर आणि ॲम्पच्या नॉबला हात न लावता दोन्ही सेट रेकॉर्ड केले, आणि ते सगळं एकत्र करून साइटच्या तक्रार विभागाला पाठवलं. आवाजातला फरक त्यांना फारसा पटला नाही, "टोन ही व्यक्तिगत आवड आहे" असंच उत्तर आलं, पण बसवण्याआधीच्या तारखेचा मोजपट्टीसकट फोटो आणि कापलेलं टोक यावर त्यांना काही बोलता आलं नाही. म्हणून तक्रार करायची असेल तर आवाजावर भांडू नका, खुणांवर भांडा.

अजून एक प्रकार चालतो तोही थोडक्यात सांगतो, हाफराउंड किंवा ग्राउंडवाउंड तारा "ब्राइट फ्लॅट" म्हणून विकणं. त्या वाईट नसतात, गोल तार गुंडाळून वरून घासलेली असते आणि आवाज खरंच जास्त ब्राइट येतो, पण ती फ्लॅट नव्हे. नख हळू फिरवलं की बारीक खाचा लागतात, फ्लॅटवर जवळजवळ काहीच लागत नाही. ज्याला हाफराउंड हवी त्याने ती त्याच नावाने घ्यावी. आणि वापरलेले फ्लॅट "वापरलेले" असं सांगून विकणारे प्रामाणिक लोकही आहेत, जुना मुरलेला आवाज हवा असणारे ते आनंदाने घेतात, त्यात गैर काहीच नाही.

त्या विक्रेत्याची लिस्टिंग बंद झाली पण नव्या नावाने तीच क्लिप, तेच फोटो परत वर आलेत, वर्णनात "ब्रेक-इननंतर टोन खुलतो" हे वाक्यसुद्धा जसंच्या तसं आहे. मी परत तक्रार केलीय. ज्यांच्याकडे असा उघड्या पाकिटाचा सेट आलाय आणि अजून बसवलेला नाही त्यांनी आधी तार उताणी करून उजेडात धरा, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, टोकांचा वेगळा फोटो काढा, आणि परत करायची मुदत कधी संपते ती तारीख बघूनच विक्रेत्याशी बोलायला लागा.